लपणाखालून परत येणारे आकडे

कंपाउंडर बुडून मेला, पण त्याची सवय मेली नाही, असं आमच्याकडे कुजबुजलं जायचं. हिवाळ्यात पंधरवड्यातून एकदा पाखरं मोजायचा दिवस असतो. त्या दिवशी सकाळी नदीकाठच्या दलदलीत त्याची बायको लाकडी लपणात बसते, दुर्बिणीला डोळा लावते आणि आकडा सांगते. आणि लपणाच्या खालून, पाण्यातून, कंपाउंडर तो आकडा परत म्हणतो. बाई म्हणते, थापट्या, दोनशे दहा. पाणी म्हणतं, थापट्या, दोनशे दहा.

ही गोष्ट पसरवण्यात माझा हात किती, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, मी फक्त मीठ घातलं, मसाला लोकांचा. माझं चष्म्याचं दुकान. डोळे तपासायला गिऱ्हाईक यंत्रावर हनुवटी टेकवून बसलं की त्याला मान हलवता येत नाही, पण तोंड मोकळं असतं. माणूस एका जागी अडकला की बोलतो. चाळीस वर्षांत मी जेवढे नंबर काढले त्याच्या तिप्पट भानगडी काढल्या. त्यामुळे मी सांगतो ते ऐकीव असलं तरी फुकाचं नाही.

आधी कंपाउंडरबद्दल. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, औषधं द्यायच्या छोट्या खिडकीमागे तो बसायचा. डॉक्टर आतून सांगायचे, पांढरी गोळी तीनदा, पाच दिवस. कंपाउंडर तिथूनच म्हणायचा, पांढरी गोळी तीनदा, पाच दिवस. ऐकलेलं परत म्हटल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. दवाखान्यात हा गुण होता, घरी मात्र दुखणं. बायको म्हणायची, मीठ संपलंय. हा म्हणायचा, मीठ संपलंय. आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचा. "माझं लग्न माणसाशी लागलं का विहिरीशी, तेच कळत नाही," असं ती माझ्या दुकानात म्हणाली होती, त्याच्यासमोर. तो म्हणाला, "विहिरीशी." आम्ही सगळे हसलो. पुढे ते हसणं मला पुष्कळदा आठवलं.

ती एका शिवणकाम कारखान्यात काजबटण करायची. खिडकीजवळचं टेबल, पुढ्यात शर्टांचा ढीग, दातात दोरा. बटणं कार्डावर डझनाच्या ओळीत येतात, त्यामुळे तिच्या डोळ्याला डझन एका दमात दिसायचे. पाखरांचा थवा पाण्यावर उतरला की ती तो कार्डासारखा ओळींत लावायची आणि बाकीचे बोटं मोडत बसलेले असताना आकडा सांगून मोकळी व्हायची. पाखरांचा नाद मुळात डॉक्टरांचा. त्यांनी या दोघांना ओढत नेलं, पुढे डॉक्टर बदलून गेले आणि नाद या दोघांकडे राहिला. ती पाहणार आणि आकडा सांगणार, तो परत म्हणणार आणि लिहिणार. आकडा दोन तोंडांतून गेल्याशिवाय कागदावर उतरायचा नाही. अशी अकरा हिवाळ्यांची पानं त्याच्या गोल अक्षरात वनखात्याच्या कपाटात आहेत.

जागा अशी. नदी जिथे वळते तिथली दलदल सरकारने राखून ठेवलेली. तारेचं कुंपण, 'शांतता राखा' असा फलक, आणि तो मोठ्याने वाचून दाखवणारी माणसं. आत एक मातीचा बांध, बांधापासून शंभर पावलांवर खांबांवर उभं केलेलं लपण. लपण म्हणजे पाखरांना माणूस दिसू नये म्हणून बांधलेली फळ्यांची खोली. समोर दुर्बीण बाहेर काढण्यापुरती फट, खाली जमिनीच्या फळ्यांतही फटी, आत दोन स्टुलं. पलीकडे, पाणकणसाच्या दाट रांगेमागे, पाणी अडवायचं गेट. दलदलीत पाणी फार झालं तर पाखरं जातात, कमी झालं तरी जातात, म्हणून गेटवाला रोज सकाळी पातळी बघून चाक फिरवायचा आणि पाणी सोडायचा किंवा अडवायचा. पातळीची रंगवलेली पट्टी लपणाच्याच एका खांबाला ठोकलेली. मोजणीच्या दिवशी तो खालून पातळी ओरडून सांगायचा, वरून कंपाउंडर ती परत म्हणायचा आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहायचा.

पाणी हललं की पाखरं उठतात, मोजणी वाया जाते. म्हणून त्यांची एक खूण ठरलेली. मोजणी चालू असेपर्यंत लपणावर काठीला पांढरं कापड लावायचं. कापड वर, तर गेटला हात नाही. कापड खाली आलं की मोजणी संपली, गेट मोकळं.

त्या सकाळी धुकं होतं. कंपाउंडर पाणकणसाआडची बदकं बघायला शिडीवरून खाली उतरला, गेटकडून येणाऱ्या चराच्या चिखलात गेला आणि गेट उघडलं. पाणी कमरेइतकंच होतं म्हणतात. पण चिखलाने पाय धरलेले, आणि वरून थंड पाण्याचा लोंढा. दुपारी तो सापडला तेव्हा त्याच्या खिशातली पेन्सिल तशीच होती.

चौकशी झाली. गेटवाल्याने लिहून दिलं की धुक्यात कापड दिसलं नाही, काढलं असावं असं वाटलं. पाच महिने त्याला घरी बसवलं. मग पुन्हा कामावर घेतलं, कारण थंडीत गुडघाभर चिखलात उभं राहायला दुसरं कुणी तयार होईना. गावाने मात्र त्याला परत घेतलं नाही. तो चहाच्या बाकावर बसला की बाक रिकामा व्हायचा. न्हावी म्हणायचा, दुपारी ये, गर्दी नसते. कंपाउंडरीण रस्त्यात समोर आली तर तो बाजूच्या गल्लीत शिरायचा, आणि गल्ली नसेल तर भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. ती त्याच्याकडे बघायचीही नाही. सगळे म्हणायचे, कशी बघेल.

पुढच्या हिवाळ्यात बाई एकटीच मोजणीला गेली. आणि त्याच हिवाळ्यात, बांधावरून सायकलने जाणाऱ्या पाववाल्याने लपणातून बाईचा आवाज ऐकला आणि मागोमाग पुरुषाचा. त्या दिवशी त्याचे अर्धे पाव बांधावर सांडले, हे तो अजून सांगतो.

मग नणंदेने ऐकलं. कंपाउंडरची धाकटी बहीण, शाळेत घंटा द्यायचं काम करते. आवाज खणखणीत, सगळं तोंडावर बोलणारी. पण लपणाचा विषय निघाला की तिचा आवाज खाली जायचा. प्रत्येक मोजणीला ती भावाचा जुना स्वेटर घालून बांधावर येऊन उभी राहायला लागली. वर लपणात वहिनी, समोर धुकं, आणि धुक्यातून भावाच्या जागेवरून येणारे आकडे. शेकाट्या, चौतीस. शेकाट्या, चौतीस. आवाज भावासारखा आहे का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, पाण्यात राहून आवाज थोडा बसलाय.

एकदा तिला राहवलं नाही. आकड्यांच्या मधे तिने बांधावरून हाक मारली, "दादा, थंडी वाजते का रे?"

पाणी गप्प. बराच वेळ नुसतं पाणकणीस वाजत राहिलं. मग वरून वहिनीने पुढचं पाखरू सांगितलं आणि खालून तो आकडा आला. नणंद मला म्हणाली, आकडा असला तरच बोलतो तो, बाकी काही बोलत नाही. जिवंत होता तेव्हा तरी कुठे बोलायचा.

मीही एकदा गेलो. कशाला गेलो म्हणाल तर, दुसऱ्याने सांगितलेलं भूत हे उसन्या चष्म्यासारखं, डोळ्यांना लागत नाही. बांधावर उभा राहिलो. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. मग आला. जाड, ओला, घाई नसलेला आवाज. चक्रवाक, सोळा. माझे दात वाजायला लागले. घरी मी थंडीने वाजले म्हणून सांगितलं.

पुढे बाई दुर्बिणीच्या काचेवरची बुरशी काढून घ्यायला दुकानात आल्या. मला गप्प बसवेना. कंपाउंडर बरे आहेत ना, असं विचारून बसलो. आता वाटतं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं. त्यांनी दुर्बीण उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "बरे असतील. तुमच्या दुकानात बसावं लागत नाही त्यांना." गिऱ्हाइकं हसली. त्यांनी मात्र नाकारलं नाही, हे मी बाकीच्यांच्या आधी हेरलं, आणि संध्याकाळपर्यंत ते चार घरी पोचवलं.

अशी दहा हिवाळ्यांची दहा वर्षं गेली. मग खात्यात नवीन मॅडम आल्या. तरुण, नीटनेटक्या, दप्तर उघडून बघणाऱ्या. कागदावर सहीचे दोन रकाने असतात, एक पाहणाऱ्याचा, एक नोंदणाऱ्याचा. कंपाउंडर गेल्यापासून दुसरा रकाना कोरा होता. जुने साहेब डोळेझाक करायचे. विधवा बाई, तिचा विरंगुळा, कशाला हात लावा. मॅडमनी दहा हिवाळ्यांचे कागद टेबलावर मांडले आणि शांतपणे सांगितलं की एका माणसाची मोजणी ही मोजणी धरता येत नाही. हिवाळ्यातल्या शेवटच्या मोजणीपर्यंत दुसरं माणूस कोण ते कळवा, नाहीतर हे सगळे कागद रद्द होतील आणि पुढची मोजणी कॉलेजच्या गटाकडे जाईल.

बाईंच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. दहा हिवाळे गेले तर कपाटात फक्त कंपाउंडर जिवंत असतानाची पानं उरणार. त्यानंतर त्या बसल्या त्या सगळ्या सकाळी, ते सगळे आकडे, जणू झालेच नाहीत. कारखान्यात त्यांनी त्या आठवड्यात तीन शर्टांना काजं उलट्या बाजूला केली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

नणंदेने तोडगा काढला की दादाचं नाव घाला, खरं तर तोच लिहून घेतोय. मॅडम म्हणाल्या, मयताची सही चालत नाही. मग मी उदार झालो. म्हटलं, माझं नाव घाला, मी कुठेही सही करतो. बाई म्हणाल्या, "तुम्हाला चिमणी आणि चप्पल यांतला फरक चष्मा लावून कळत नाही. राहू द्या." पण दुसरं माणूस कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मॅडमनी विचारलं, लपणात कुणी असतं का? त्या म्हणाल्या, लपणात मी एकटीच असते. हे अगदी खरं होतं.

शेवटच्या मोजणीला मॅडम स्वतः निघाल्या. बांधावर पोचल्या तर धुकं इतकं की स्वतःचे बूट दिसेनात, आणि स्वेटर घातलेली नणंद तिथे आधीच उभी. मॅडमच्या कानावर सगळं आलेलं होतंच. एकट्याने पुढे जायला नको वाटलं असणार, पण तसं न म्हणता त्या म्हणाल्या, साक्षीदार म्हणून तुम्हीही चला. पुढचं सगळं नणंदेने मला दुसऱ्या दिवशी यंत्रावर हनुवटी टेकवून तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा एकसारखं, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवतो.

लपणात बाई फटीशी बसलेल्या. वर कापड लावलेलं. मॅडम दुसऱ्या स्टुलावर बसायला गेल्या तर नणंद म्हणाली, तिथे नको. त्या उभ्या राहिल्या. थोडा उजेड झाला, पाण्यावरचे काळे ठिपके पाखरं झाले.

"चांदवे, एकशे साठ," बाई म्हणाल्या. पेन्सिल कागदावर टेकवून धरली, लिहिलं मात्र नाही.

खालून काही आलं नाही.

मॅडमनी घड्याळ बघितलं. बाईंनी आकडा पुन्हा सांगितला. खांबांना पाणी लागत होतं, तेवढाच आवाज. नणंद मॅडमला हळूच म्हणाली, तुम्हाला लाजतोय तो. मॅडमनी वहीचं पान उघडलं, ते बाईंना दिसलं. रद्द असं लिहायला एक ओळ पुरते.

तेव्हा बाईंनी दहा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. दुर्बीण बाजूला ठेवली, गुडघ्यांवर बसल्या आणि फळ्यांच्या फटीशी तोंड नेलं.

"गेटवाले," त्या म्हणाल्या. "आज परत म्हटलं नाहीत तर सगळं जाईल. म्हणा."

खाली कुणीतरी खोकलं. नणंद म्हणते, तो खोकला ऐकला आणि माझा दादा तिथल्या तिथे दुसऱ्यांदा मेला. असा खोकला मेलेल्याला येत नाही. छातीत कफ असलेल्या, रात्री नीट न झोपलेल्या माणसाचा तो खोकला होता.

"चांदवे, एकशे साठ," गेटवाला म्हणाला.

नणंद मटकन खाली बसली, ती नेमकी त्याच स्टुलावर.

मोजणी तासभर चालली. चौदा जाती, चौदा आकडे, प्रत्येक दोनदा. शेवटी एक भोवत्या, शिकारी पाखरू, पाणकणसावरून घिरटी घालून गेला, त्याचाही एक आकडा झाला. मग मॅडमनी शिडीवरून वाकून गेटवाल्याला वर बोलावलं. तो येईना, बूट चिखलाचे आहेत म्हणाला. म्हणून कागद फटीतून खाली गेला, त्याने तो पातळीच्या पट्टीवर धरून सही केली आणि ओल्या कोपऱ्यासकट वर दिला.

सही वाचून मॅडम थांबल्या. दप्तर वाचणारी बाई, चौकशीचा कागदही वाचलेला. त्या कंपाउंडरीणबाईंना म्हणाल्या की यांच्यावर नजरचुकीचा ठपका आहे. ज्यांना पन्नास पावलांवरचं कापड दिसलं नाही, त्यांचं नाव मी मोजणीला कसं धरू?

बाई अजून गुडघ्यांवरच होत्या. उठल्या, समोरच्या फटीकडे तोंड केलं आणि पाखरांचे आकडे सांगतात त्याच आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून बोलल्या.

"कापड वर नव्हतं. त्या दिवशी आकड्यावरून आमचं वाजलं. आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणाले, तू चुकलीस, पाणकणसाआडची राहिली. आणि बघायला खाली उतरले. मी म्हटलं, माझी मोजणी संपली. आणि कापड काढून पिशवीत घातलं. यांनी कापड नाही हे बघितलं आणि मगच गेट उघडलं. यांची नजर चुकली नाही."

एवढं बोलून त्या थांबल्या, आकडा सांगून थांबतात तशा. सगळ्यांचे कान फळ्यांकडे.

खालून काही आलं नाही. दहा हिवाळ्यांत त्याने त्यांचा प्रत्येक आकडा परत म्हटला होता. हे म्हटलं नाही. चिखलातून बूट उपसल्याचा आवाज आला, एक, दोन, तीन, आणि लांब गेला.

मॅडमनी त्याचं नाव धरलं. दहाही हिवाळे कपाटात राहिले. कापडाबद्दल त्यांनी वर काय लिहिलं, लिहिलं का नाही, ते मला कळलं नाही. नणंद वहिनीशी तीन महिने बोलली नाही. मग एका दुपारी तिच्या घरी गेली आणि अंधार पडेपर्यंत बसली. काय बोलल्या, तेही मला कळलं नाही, आणि माझ्या दुकानाला हा मोठाच कमीपणा आहे. गेटवाला आता चहाच्या बाकावर बसतो. बाक रिकामा होत नाही, पण शेजारी कुणी सैलावूनही बसत नाही. आपलीच मान खाली घालायला लावणारा माणूस शेजारी नको वाटतो. पाववाला अजूनही म्हणतो की गेटवाला फक्त तोंड, बोलतो कंपाउंडरच. हातात आलेलं भूत माणसं सहजासहजी सोडत नाहीत. मोजणीच्या सकाळी मीसुद्धा बांधाकडची खिडकी लावून घेतो.

परवा गेटवाला पट्टीवरचे आकडे पुसट दिसतात म्हणून चष्म्याला आला. हनुवटी टेकवून बसवला आणि दिवा डोळ्यात धरून विचारलं, की पहिल्यांदा तुम्ही आकडा परत का म्हटलात? माझ्या मनात दहा उत्तरं तयार होती. पश्चात्ताप, दया, आणि काही जरा चविष्टही.

तो म्हणाला, "पातळी वाचायला मी रोज तिथे उभा असतोच. बाई आकडा सांगायच्या आणि थांबून राहायच्या. पुढचा सांगायच्याच नाहीत. ऊन वर आलं तरी पहिल्याच पाखरावर. मोजणी संपेना, कापड खाली येईना, मला गेट उघडता येईना. म्हणून म्हटलं."